तीर्थरूप आणि ठिबक

२ मार्च

विहीर आटली! 'आटली' हा भार्येचा शब्द. माझ्या मते तिचा जलस्तर चिंताजनक रीतीने खालावला आहे. दोरीला दगड बांधून स्वतः मोजणी केली. गेल्या वर्षी याच दिवसांत नवव्या गाठीला दगड पाण्याला टेकत असे. आज चौदावी गाठ सोडली, तेव्हा कोठे 'डुबुक' ऐकू आले. तेही नाखुशीने.

कारण उघड आहे. घरात माणसे चार: तीर्थरूप, भार्या, कन्या आणि प्रस्तुत लेखक. पाचवी अंगणातील हिरवळ. आम्ही चौघे पिऊन, नाहून, धुऊन जेवढे संपवतो त्याच्या दुप्पट ती एकटी रिचवते. मोबदल्यात देते काय? हिरवी दिसते. बस्स.

भार्या म्हणाली, "अख्ख्या गावाला पाणी जपून वापरा म्हणून पत्रं पाठवता. घरात एकदा तोंडी सांगून बघा की."

बाण वर्मी लागला. मी पाणीपुरवठा कार्यालयातील तक्रार-कक्षाचा प्रमुख आहे. एकोणतीस वर्षे नागरिकांना, त्यांच्या नळाला पाणी का येत नाही, हे अत्यंत शुद्ध भाषेत कळवीत आलो आहे. एकाही नागरिकाला त्यामुळे पाणी मिळालेले नाही, परंतु भाषेबद्दल तक्रार कोणी केली नाही.

संकल्प : तीन महिन्यांत हे उद्यान मितजल, स्वावलंबी व चिरस्थायी करणे. हिरवळ निष्कासित. रबरी नळी जप्त.

अडचण एकच. ती व्हरांड्यात खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचते आहे आणि तिचे वय एक्याऐंशी आहे.

३ मार्च

अडचणीचे स्वरूप आजच नोंदवून ठेवतो, कारण पुढे दोषी मलाच धरले जाईल.

तीर्थरूप डिसेंबरात न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड सांधले, काठी आली. डॉक्टरीणबाई बजावून गेल्या : "रोज चाललेच पाहिजेत. एकदा का खुर्चीत रुतले, तर पुन्हा उठतील याची हमी मी देणार नाही." तीर्थरूपांनी हे शांतपणे ऐकून घेतले व त्या फाटकाबाहेर पडताच म्हणाले, "कामाशिवाय येरझारा घालायला मी काय पहारेकरी आहे?"

तेव्हापासून ते चालतात केवळ हिरवळीला पाणी देताना. एका हातात काठी, दुसऱ्यात नळीचे तोंड. सकाळी एकदा, सायंकाळी एकदा. नळी भुईवरून सरपटत मागे येते, विहिरीचे पाणी उधळते, तीर्थरूप चालतात.

म्हणजे नळी ठेवावी तर विहीर बसते. नळी काढावी तर वडील बसतात. धर्मसंकट म्हणतात ते याहून काय वेगळे असते!

९ मार्च

प्रस्ताव सादर केला. चहाच्या वेळी, म्हणजे त्यांचे तोंड गुंतलेले असताना.

"गवत काढून लावणार काय?"

"अल्पजलाकांक्षी वनस्पती."

"मराठीत सांग."

"कण्हेर. कोरफड. बोगनवेल."

"म्हणजे काटे."

"कण्हेरीला काटे नसतात, बाबा."

"ती विषारी असते."

उरलेला चहा फुंकून संपवला. बशी खाली ठेवताना म्हणाले, "पंचवीस वर्षं हे गवत मी कापलंय. तू कधी वाकलायस त्याच्यापुढं?"

वाकलो नव्हतो. हे विधान खोडून काढण्याजोगा एकही पुरावा माझ्यापाशी नाही.

तह झाला. अर्धी हिरवळ राहील, अर्धी जाईल.

१५ मार्च

अर्धे म्हणजे किती, यावर दिवस गेला!

मी भार्येच्या शिवणाच्या टेपने मोजून खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. तीर्थरूपांनी व्हरांड्यातूनच जाहीर केले, "हे अर्धं नाही." कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना पाचारण झाले. हे गृहस्थ निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून भावाभावांत भांडणे लावली, आता हात शिवशिवतात. साखळी, खुंट्या, फेल्ट हॅट असा सरंजाम घेऊन आले. पाऊण तासाने निकाल दिला : "तुमच्या चिरंजीवांनी अर्ध्याच्या नावाखाली तीन-पंचमांश लाटलंय."

टेपचे पहिले सहा इंच तुटलेले आहेत, हे भार्येने तेव्हा सांगितले! "मला वाटलं तुम्हाला माहिताय. मी नेहमी सहापासून मोजते."

घरातल्या प्रत्येक ब्लाउजला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. तीर्थरूप महिन्याभरात प्रथमच हसले. त्या हास्याखातर मी सुतळी मुकाट्याने मागे सरकवली.

१६ मार्च

गवत उपटले. कंबर! कंबर!! कंबर!!!

२३ मार्च

सांडपाण्याचा पुनर्वापर. स्वयंपाकघरातील मोरीचे पाणी नळाने खड्ड्यात, खड्ड्यात खडी, वाळू, वर कर्दळी. गाळलेले पाणी झाडांना. कागदावर हे इतके रमणीय दिसत होते की आकृती मी रंगवलीसुद्धा.

प्लंबर आला. आकृती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "साहेब, तुमचा खड्डा वर आहे आणि मोरी खाली आहे."

"मग?"

"मग काही नाही. पाणी शिकलेलं नसतं ना, चढत नाही."

खड्डा पुन्हा खणला. उताराच्या बाजूला. जुन्या खड्ड्यात तूर्तास कन्येने 'बाबांचे पहिले स्मारक' अशी पाटी रोवली आहे.

२ एप्रिल

स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून सुरू केलेल्या खत-प्रकल्पास दुर्गंधी सुटली. कन्येने नाकाला रुमाल लावून निदान केले : "ओलं जास्त, सुकं कमी. पाला घाला." पाला कोठून आणावा? झाडे अजून लावायचीच आहेत. तेव्हा कार्यालयातून येताना रस्त्याकडेला साचलेली वाळकी पाने पोत्यात भरू लागलो. तक्रार-कक्षाचा प्रमुख, टायसह, गटारापाशी ओणवा! नेमके कार्यालयातील तीन जण तेथून गेले. एकाने विचारले, "साहेब, काही हरवलंय का?"

"प्रतिष्ठा," मी म्हटले. त्याने पाच मिनिटे शोधण्यास मदत केली.

११ एप्रिल

महत्त्वाचा दिवस. बारा रोपे जागी बसली. मुळांभोवती पाल्याचे आच्छादन, अंगणातल्या पाण्याच्या टाकीला जोडलेले काळ्या नळ्यांचे ठिबक, ठिबकाला घड्याळ. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, आपोआप! उरलेल्या अर्ध्या हिरवळीचे पाणी बंद; तिचा हट्ट ऊनच मोडील. या उद्यानास आता मनुष्याची गरज नाही, असे मी सर्वांसमक्ष अभिमानाने म्हटले.

"मग आपण जायचं का?" भार्या.

नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. तीर्थरूपांच्या चालण्याची व्यवस्था मी विसरलेलो नाही. रोपांमधून सपाट फरश्यांचा वळणदार पथ केला आहे, काठी घसरू नये म्हणून खडबडीत बाजू वर. त्याला मी 'परिक्रमा-पथ' हे नाव दिले. तीर्थरूपांना हात धरून दाखवला.

"छान," ते म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

१२ एप्रिल

बसले आहेत.

१३ एप्रिल

बसले आहेत. वर्तमानपत्रातील निविदासुद्धा वाचून झाल्या.

१५ एप्रिल

"बाबा, चार पावले."

"कशाला?"

"प्रकृतीसाठी."

"झाडांना पाणी घड्याळ घालतं. त्यालाच फिरव."

या माणसाचा पुत्र असल्याचा अभिमान व संताप एकाच वेळी वाटतो, आणि दोन्ही व्यक्त करता येत नाहीत.

२५ एप्रिल

पाय सुजले. डॉक्टरीणबाईंना दूरध्वनी केला. "चालतायत ना?" असा प्रश्न आला. मी म्हटले, "त्या दिशेने प्रयत्न सुरू आहेत." एकोणतीस वर्षे हेच वाक्य लिहीत आलो. आज प्रथमच ते ऐकणाऱ्याला कसे लागत असेल, हे कळले. पलीकडून बाई म्हणाल्या, "प्रयत्न नकोत. पावलं मोजून सांगा." दहा मेला येणार आहेत.

भार्या दिवसा शाळेत शिकवते, सुट्टीतही जादा तास घेते, कन्या महाविद्यालयात, मी कार्यालयात. दहा ते चार घरात तीर्थरूप एकटे. मोजणीदार कुंपणावरून डोकावतात एवढाच आधार. नळी माळ्यावरून खाली काढावी काय? सायंकाळी दगड सोडला. साडेचौदावी गाठ!

काढली नाही.

४ मे

रोपे पिवळी पडत आहेत! कण्हेर — जी स्मशानाच्या भिंतीतही वाढते, ती कण्हेर! — मान टाकून उभी आहे. कोरफड मऊ पडली. पाणी कमी पडत असावे. ठिबक वीसऐवजी तीस मिनिटे केले.

५ मे

अधिक पिवळी. ठिबक चाळीस.

९ मे

रोपवाटिकेचा मालक आला. हा मितभाषी मनुष्य, रोप विकताना बोलत नाही, मेल्यावर मात्र बोलतो. कण्हेर उपटून मुळे माझ्या नाकापाशी धरली. काळी, बुळबुळीत, कुजकी.

"हे तहानेनं नाही गेलं, साहेब. बुडून गेलंय. पाणी घालतं कोण?"

"कोणीच नाही! आपोआप होते!"

"एवढं आपोआप होत नाही."

तत्काळ व्हरांड्यात चौकशी आरंभिली. भार्या प्रथम नजर चुकवू लागली. "भाजी धुतलेलं पाणी टाकायचं कुठं? बिचारी दिसायची. एक पातेलं रोज. फार तर दोन." कन्या : "माझ्या बाटलीतलं उरलेलं. सगळ्यांना नाही, फक्त कोरफडीला. तिचं कोणी नाही ना." मोजणीदारांनी कुंपणापलीकडून हात वर केला : "खोटं कशाला बोलू? दिवसाआड एक बादली मीही उडवतो इकडून. तुमच्याकडं फारच कोरडं दिसायचं हो."

प्रस्तुत लेखकाने या प्रसंगी मौन पाळले. येथे मात्र लिहिले पाहिजे. दररोज प्रातःकाळी एक लोटा. केवळ निरीक्षणार्थ.

जी झाडे कोणाची गरज लागत नाही म्हणून आणली, त्यांची दया येऊन अख्ख्या घराने त्यांना बुडवून मारले!

इतक्यात मोजणीदार म्हणाले, "आणि मुख्य आरोपीला सोडलंत की! तुमचे वडील. रोज अकराच्या सुमाराला. मुलीची ती छोटी निळी झारी घेऊन टाकीपासून झाडापर्यंत, झाडापासून टाकीपर्यंत. अकरा फेऱ्या. मी मोजतो ना."

सर्वांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

"केव्हापासून, बाबा?"

"सव्वीस तारखेपासून. म्हणणं काय आहे?"

"मी पाणी घालू नका म्हणालो होतो!"

"तू बरंच काही म्हणतोस."

हट्टी! दुराग्रही! माझ्या दोन महिन्यांच्या तपश्चर्येवर रोज अकरा झाऱ्या पाणी! मी बोललो, फार बोललो. 'आपल्या हट्टापायी' हा शब्दप्रयोग तीन वेळा केला. त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

रात्री जेवताना उलगडा झाला आणि घास हातातच राहिला. टाकी ते झाडे, जाऊन येऊन साठ पावले. गुणिले अकरा. नळीमागे ते कधी एवढे चालले नव्हते!

१० मे

डॉक्टरीणबाई आल्या. सूज उतरलेली. तीर्थरूप खुर्चीच्या हाताला न धरता उठले! "काय जादू केलीत, आजोबा?"

"बागकाम," तीर्थरूप म्हणाले. माझ्याकडे न पाहता.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जे चाललंय ते अजिबात थांबवू नका."

१७ मे

तोडगा! माझ्या बुद्धीबद्दल मला पुनश्च आदर वाटू लागला आहे.

ठिबक बंद. जी पाच रोपे जगली त्यांना कोणीही हात लावायचा नाही. भार्या, कन्या व मोजणीदार यांच्याकडून शपथ घेतली. भाजीचे पाणी मोरीतच, म्हणजे कर्दळींकडे. आणि विहिरीजवळच्या सावलीत अकरा नवी रोपे : नेचे सहा, तेरडे पाच. अस्सल तहानलेली जात. प्रत्येकाला रोज एक झारी पाणी हवेच हवे, न मिळाल्यास चार दिवसांत मान टाकणारी. ती सर्व तीर्थरूपांच्या स्वाधीन. अकरा झाऱ्या म्हणजे विहिरीला पळीभर पाणी. नळीच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाही.

रोपवाटिकेच्या मालकाने भुवया उंचावल्या. "पाणी वाचवायचंय म्हणून तहानलेली झाडं नेताय?"

"ती झाडांसाठी नाहीत," मी म्हटले.

तीर्थरूपांना सांगितले, "बाबा, या अकरांची जबाबदारी आपली. दुसरं कोणी पाणी घालणार नाही. मीदेखील नाही."

त्यांनी रोपांकडे पाहिले, झारीकडे पाहिले. "मीच एकट्यानं?"

"आपणच."

"बरं," म्हणाले. चेहऱ्यावर मला अपेक्षित आनंद दिसला नाही. परंतु या घराण्यात आनंद चेहऱ्यावर येण्याची पद्धत नाही.

२४ मे

मोजणीदारांचा अहवाल : अकरा फेऱ्या, एकही खाडा नाही. विहीर साडेतेरावर स्थिर. मी आज कार्यालयात शीळ घातली. शिपाई घाबरला.

२८ मे

हे काय आहे! नेच्यांची टोके करपली! तेरडे लोळत आहेत! माती खणून पाहिली. कोरडी ठणठणीत!

महिन्यापूर्वी नको म्हणून सांगितले, तेव्हा या घराने झाडे बुडवली. आता घाला म्हणून विनविले, तर वाळवली! मी संयमाचा पुतळा आहे, परंतु पुतळ्यालाही तडा जातो. सरळ खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, पाणी घालता की झारी नुसती मिरवता?"

"घालतो की. रोज."

"मग माती कोरडी कशी?"

"मी काय सांगू? तुझी झाडंच बेइमान."

"मला अद्दल घडवायची म्हणून करता ना हे? नळी काढून घेतली म्हणून?"

 ते डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरून बसले. त्यांची रागाची तऱ्हा.

भार्या आतून म्हणाली, "अहो, हळू बोला." मी हळू बोललो नाही.

३१ मे

वाचायचा चष्मा घरी राहिला म्हणून अकराला परतलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीर्थरूप दिसले. टाकीच्या नळाखाली झारी भरली. उजव्या हाताने उचलली, उचलली गेली नाही. निम्मी ओतून टाकली. पुन्हा उचलली. हात थडथड उडू लागला, पाणी धोतरावर. कुंपणाकडे पाहून घेतले. काठी टेकवून ठेवली, उरलेले दोन्ही हातांनी टाकीत परत ओतले, थेंब न सांडता, आणि रिकामी झारी घेऊन निघाले. पहिल्या नेच्यापाशी थांबले. झारी तिरकी केली. पाणी संपायला लागेल तितका वेळ तशीच धरली. माघारी टाकीपाशी. पुन्हा रिकामी. दुसरा नेचा.

अकरा झाडे होईपर्यंत मी खिडकीतून हललो नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो. चष्मा तेथेच राहिला. दिवसभर कागदावरचे एक अक्षर दिसले नाही.

उद्यापासून सकाळी साडेपाच, ते उठण्यापूर्वी, अकरा झाऱ्या.

सदर बाब माझ्या निदर्शनास आलेली नाही.